बाराचा पहारा

उदयसिंहानं वीणेसाठी दोन्ही हात पुढं केले, तसे नाथाजी एक पाऊल मागं सरले आणि त्यांनी वीणा छातीशी ओढून धरली.

मारुतीच्या देवळातल्या घड्याळात नुकतेच बारा वाजले होते. उदयसिंह आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कपाळाला बुक्का लावून आला होता. रिवाजाप्रमाणं त्यानं वीणेच्या भोपळ्याला हात लावला, तो कपाळाला नेला, नाथाजींच्या पायांना शिवला आणि पुन्हा हात पुढं केले.

"आवं तात्या, बाराचा पहारा माझा हाय."

नाथाजींच्या ओठांवरचं रामकृष्णहरी थांबलं नाही. तारेवरचं बोटही थांबलं नाही. हनुवटीनंच त्यांनी खांबाकडं खूण केली.

खांबाला पहाऱ्यांची यादी डकवलेली होती. चिंचबेटाचा श्रावणातला सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा जमिनीला टेकायची नाही आणि नाम तुटायचं नाही. दोन-दोन तासांनी माणूस बदलायचा. एकानं गळ्यातून काढायची, दुसऱ्यानं गळ्यात घालायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावायचा. मग एक जण बागायतदार असो आणि दुसरा त्याचाच सालगडी. गावात कुणाच्याही आठवणीत ती वीणा टेकली नव्हती. यादी नाथाजींच्या अक्षरातली होती. आज पहाटे तिच्यातल्या अकरा नावांवर त्यांनीच तांबड्या शाईची रेघ ओढली होती.

उदयसिंहानं आपलं नाव शोधलं. रेघ एवढ्या जोरात ओढलेली की कागद फाटला होता.

"हे काय, तात्या?"

आता नाथाजींना बोलणं भाग पडलं. वीणेकऱ्याला बोलावं लागलं की टाळकरी नाम उचलून धरतात. टाळकऱ्यांच्या पुढं उभ्या आकारामानं आवाज चढवला आणि दोन्ही रांगा त्याच्यामागं चढल्या.

"तुझं पोरगं पिवळ्या गाडीतनं पलीकडं जातंय न्हवं? मग तुझा देव बी पलीकडं. तिथं गळ्यात टाय बांधत्यात, वीणा न्हाई."

रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं, पण टाळ चुकला नाही.

"पोराच्या शाळंचा आणि वीणेचा काय संबंध?"

"काल बुवांनी हात वर करायला सांगितलं, तवा मान खाली का घातलीस? तवाच इचारायचं हुतंस त्यांना, काय संबंध म्हणून."

उदयसिंहाचा चेहरा पडला. कालची गोष्ट कुणी विसरलं नव्हतं. उंब्रजकडचे बुवा संध्याकाळच्या कीर्तनाला उभे होते. आवाज असा गोड की मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनीही पदर डोळ्याला लावले होते. रंगात येऊन बुवा म्हणाले, नदीच्या पोटात राहून स्वतःचं हायस्कूल बांधणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. ज्यांची लेकरं ह्या शाळेत शिकतात त्यांनी हात वर करा, तुमच्या नावानं एकदा गजर होऊ द्या. भरल्या मंडपात वर झाले ते चौदा-पंधरा हात. बुवा मुरलेले होते. त्यांनी झटक्यात गजर उचलला आणि लाज टाळांच्या आवाजात बुडवली. पुढच्या रांगेत बसलेले नाथाजी मात्र मागं वळून बघत राहिले. कीर्तनासाठी पाच कोस चालत जाणारा माणूस. पण कालच्या कीर्तनातलं त्यानंतरचं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही. पहाटे उठून त्यांनी तांबडं पेन शोधलं.

सहाचा पहारा ज्याचा, त्याच्या नावावर रेघ. आठवाल्याच्या नावावर रेघ. दहावाल्याच्या नावावरही. म्हणून सकाळी सहापासून नाथाजी एकटेच उभे होते. सहासष्ट वर्षांचे गुडघे थरथरत होते आणि प्रत्येक थरथरीबरोबर राग वाढत होता.

"बरं, न्हाई धरत," उदयसिंह पायरीवर जाऊन चपला पायात सरकवत म्हणाला. "पर आज शाळेतनं कुणाचा दाखला निघतोय, तेवढं बघा. माझ्या सूरजचा तर गेल्या साली निघाला. त्यानं काय शाळा मेली न्हाई. आजच्यानं मरल."

"कुणाचा?"

"गावडे सरांना इचारा की. शाळा समितीचं अध्यक्ष तुमी हाय, मी न्हाई."

नाथाजींचं बोट तारेवर आपटलं. नववी-दहावी मिळून वीस पोरं. त्याच्या खाली आकडा गेला की एकही शिक्षक मिळायचा नाही, असं वरून आलेलं पत्र हेडमास्तर गावडे सरांनी जूनमध्ये वाचून दाखवलं होतं. आणि आज घडीला पोरं होती बरोबर वीस.

ते पायऱ्या उतरू लागले, तसा आकाराम टाळ वाजवत धावला.

"तात्या! वीणा देवळाबाहीर?"

"दिंडीत जाती न्हवं? दिंडी समजा आणि चला."

नाम तर तुटू द्यायचं नाही. मग आठ टाळकरी, एक मृदंग आणि पुढं अनवाणी, डोळे लाल झालेले नाथाजी, अशी भरदुपारची वरात शाळेकडं निघाली.

देवळापासून शाळा दोनशे पावलं. डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला कृष्णेची धाकटी धार. तिच्यावर फरशी पूल. माणसाच्या कमरेएवढा उंच, कठडा नाही. धरणातून पाणी सोडलं की पहिल्यांदा तोच बुडतो. पलीकडच्या तोंडाला रोज सकाळी तिथल्या टायवाल्या शाळेची पिवळी गाडी उभी राहते आणि बेटावरची पोरं बूट हातात घेऊन पूल ओलांडतात. त्या गाडीचा भोंगा ऐकला की नाथाजी तोंडातला घास खाली ठेवत.

ते काही गाडीमुळं नव्हतं. ते सात-आठ वर्षांचे होते तेव्हा हा पूलही नव्हता. गूळ शिजवायची मोठी काहील पाण्यात सोडायची आणि तिच्यात बसून पलीकडं जायचं. थोरली बहीण रंगू आठवीला पलीकडच्या हायस्कुलात जायची. बेटावरची हायस्कुलात गेलेली पहिली पोरगी. श्रावणातच एकदा मधल्या भोवऱ्यात काहील फिरली. तिघं पोहून आली. रंगूला पोहता येत नव्हतं. चौथ्या दिवशी वडिलांनी नदीकाठची दीड एकर काळी जमीन शाळेला लिहून दिली, आणि गावानं अंगमेहनत करून, दगड वाहून भिंती उभ्या केल्या. पोराबाळांनी शिकण्यासाठी पाणी ओलांडायचं नाही, एवढीच त्या शाळेची घटना. नाथाजींनी फौजेत वीस वर्षं काढली, पण शाळेच्या जोत्यावर पाय ठेवताना ते अजून वाकून हात लावत.

आज त्यांनी तो लावला नाही.

पडवीत सुलाबाई खिचडीचं पातेलं घासत होती. तिनं वरात बघितली आणि राखेचा हात कपाळाला लावला.

"आगं बया! तात्या, दिंडी हिकडं कशी? परीक्षा हाय व्हय कसली?"

"हेडमास्तर कुठं हाय?"

"हापिसात. आवं पर दमानं, त्यो मानूस अजून जेवला न्हाई."

गावडे सर ऑफिसात एकटे होते. माणदेशातले, आटपाडीकडचे, तीन पिढ्या मेंढरांमागं फिरलेल्या घरातले पहिले शिकलेले. समोर उघडा डबा होता आणि डब्याला टेकवून एक कागद. वीणा गळ्यात घेतलेल्या नाथाजींना बघून ते उठले आणि सवयीनं म्हणाले,

"बसा, तात्या."

"वीणा घिऊन बसत्यात व्हय? एवढं बी कळंना का तुमाला?" नाथाजींचा आवाज पडवीपर्यंत गेला. बाहेर टाळकऱ्यांनी नाम आणखी वर नेलं. "कुणाचा दाखला काढताय? सप्ताह चालू असताना, गाव देवळात असताना, गुपचूप? कोण हाय त्यो? नाव सांगा. त्याच्या बापाला आत्ता देवळापुढं उभा करतो."

"तात्या, हळू."

"हळू? शाळा माझ्या बापाच्या जमिनीवर हाय. पोरं जात्यात, तुमी दाखलं देताय. आडवत का न्हाई? दोन शबूद का सांगत न्हाई आईबापाला? पगार कशाचा घेताय?"

गावडे सरांच्या गालावर रंग चढला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बोट केलं.

"नववीची ओळ वाचा. गणित."

नाथाजींनी वाचली. प्रत्येक तासापुढं शिक्षकाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. इतिहासाला 'गा'. मराठीला 'पो', ते पोळ बाईंचं. गणिताच्या चौकटीत, सोमवार ते शनिवार, 'शि'.

"ह्यो शि कोण? नवा सर आला व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई."

"गणिताचे सर जाऊन दोन वर्षं झाली. जागा भरलीच न्हाई कुणी. मी तुमच्याकडं चार वेळा आलो होतो. म्हटलं, तात्या, सांगलीला चला, तुमचं वजन हाय, मोठ्या साहेबापुढं ओरडायला माणूस पाहिजे. तुमी काय म्हणालात?"

ते काय म्हणाले होते ते नाथाजींना आठवत होतं. पहिल्यांदा म्हणाले होते, सप्ताह होऊ द्या, मग बघू. दुसऱ्यांदा जत्रा होती. तिसऱ्यांदा बुवांना आणायला जायचं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा सप्ताह.

गावडे सरांनी कपाटातून एक फाईल काढली आणि उघडून त्यांच्यापुढं धरली. दर तीन महिन्यांनी वर जाणारा कागद होता. सर्व विषयांचे तास नियमित होतात, असं छापलेलं. खाली अध्यक्ष म्हणून नाथाजींची सही. दुसऱ्या कागदावर तीच. तिसऱ्यावरही. रुंद, ठाम, फौजी सही. एकदाही न वाचता केलेली.

"मी खोटं लिहून पाठवायला नको होतं," गावडे सर म्हणाले. "ते माझं पाप. पण खालची सही तुमची हाय."

नाथाजींची मान ताठ झाली. राग कुठं न्यावा ते त्यांना क्षणभर सुचेना, तसा तो आणखीच भडकला.

"ते राहू द्या! शि कोण, ते सांगा. आणि कागद दाखवा हिकडं. कुणी लिवलाय अर्ज?"

"मी लिवलाय, आज्जा."

दारात शिवांजली उभी होती. त्यांची नात. दोन वेण्या, निळा फ्रॉक, उजव्या हाताच्या बोटांना खडूची पांढरी भुकटी. तिच्यामागं नववीचा सगळा वर्ग माना उंचावून उभा होता.

बाहेर नाम चालू होतं. नाथाजींच्या ओठांवरचं मात्र तुटलं. बोट तारेवर नुसतं टेकून राहिलं.

"तू?"

"व्हय."

"तुला कुणी शिकवलं हे? प्रियदर्शनीनं, तुझ्या आईनं? का तुझ्या बापानं, वीरधवलनं, तिकडनं बर्फातनं फोन केला?"

"आईला म्हाईत हाय. पप्पांनाबी. दोघं बी म्हणाले, आज्जाला तूच सांग. मी महिनाभर सांगीन म्हणते, पर तुमी घरात आलासा की पलीकडच्या पोरांना शिव्याच देत येता." तिनं खडूचा हात फ्रॉकला पुसला. "गणिताचा तास मी घेते, आज्जा. आठवीत असल्यापासनं. पुस्तक आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर करून दाखवायचं. पाचव्या धड्यापतोर जमलं. सहावा मी तीनदा वाचला. मला कळंना. ह्या सगळ्यांना मी शिकवते, पर मला कोण शिकवणार?"

मागं उभ्या पोरांपैकी कुणी हललं नाही.

"पलीकडच्या शाळंची परीक्षा दिली मी. पहिली आले."

"परीक्षा दिलीस? म्हंजे पाणी वलांडून गेलीस?" नाथाजींच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. "त्या पुलावरनं? श्रावणात? मला न इचारता? तुला म्हाईत न्हाई ह्या पाण्यानं काय केलंय आपल्या घराचं? ह्या भिंती कशासाठी हायत ते म्हाईत न्हाई तुला? न्हाई जायचं! एकोणीस पोरांची शाळा बंद पडल तुझ्या एका कागदानं. पुन्हा नाव काढायचं न्हाई!"

त्यांच्या आवाजानं खिडकीचं तावदान वाजलं. पोरी दोन पावलं मागं सरल्या. शिवांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही; आणि ती बोलली तेव्हा तिचा आवाज आजोबांचाच होता, तसाच वर चढलेला.

"रंगूआजी बुडाली, बुडाली, एवढंच सांगता तुमी! दर वर्षी झेंड्याला सांगता, कीर्तनाला आलेल्या बुवांना सांगता. ती कुठं चालली हुती ते कुणालाच सांगत न्हाई! ती शिकायला चालली हुती, आज्जा! तिला हितं शिकवणारं कुणी न्हवतं, म्हणून चालली हुती. आताबी कुणी न्हाई!"

पडवीतून टाळांचा आवाज एका लयीत येत होता आणि त्याच्याखाली आकारामाचा बसलेला गळा.

नाथाजी टेबलावरच्या अर्जाकडं बघत होते. अक्षर वळणदार होतं. खाली पालकाची सही म्हणून एक रिकामी ओळ. वीरधवल सरहद्दीवर, म्हणून पहिलीपासून त्या ओळीवर आजोबांचीच सही चालत आली होती. त्यांनी बराच वेळ ती ओळ बघितली. मग खिशातल्या पेनाकडं हात नेला आणि वीणेचा दांडा आडवा आला.

"सर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जरा वीणा धरा."

गावडे सरांनी हात वर केले आणि अर्ध्यात खाली घेतले.

"तात्या, माझी दोन्ही पोरं विट्याला इंग्रजी शाळेत हायत. तुमच्या यादीप्रमाणं मला चालायचं न्हाई."

"तुमी बी?"

"मी हे वेळापत्रक रोज बघतो ना, तात्या."

नाथाजींनी खिडकीकडं मान वळवली. "आकाराम! तू ये."

आकारामानं नाम शेजारच्याच्या गळ्यात टाकलं आणि गजांपाशी आला. घामानं त्याचा बुक्का नाकापर्यंत ओघळला होता.

"माझं नाव सातव्या नंबरला हाय, तात्या. सकाळी बघितली मी रेघ. माझा नातू बी पिवळ्या गाडीतच की. टाळाला तुमची यादी न्हवती, म्हणून उभा राहिलो."

एवढं सांगून तो पुन्हा रांगेत गेला आणि सुटलेली लय त्यानं पकडली.

नाथाजी ऑफिसच्या मधोमध उभे होते. गळ्यात वीणा, खिशात पेन, आणि खोलीत वीणा घ्यायला कुणी नाही. ती टेकवता येत नव्हती. तिला घेऊन सही करता येत नव्हती.

शिवांजलीनं दाराशी चपला काढल्या. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी हातावर घेऊन खडू धुतला, ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि ती पुढं आली.

"मी धरते."

"पोरीनं?" सुलाबाई पडवीतून पुटपुटली.

"यादीत तसं कुठं लिवलंय?" शिवांजली आजोबांकडं बघत म्हणाली. "सही अजून झाली न्हाई, आज्जा. म्हंजे मी अजून ह्याच शाळंतली हाय. माझ्या नावावर रेघ न्हाई."

नाथाजींनी डोळे मिटले. मग पट्टा गळ्यातून काढला. नातीनं भोपळ्याला हात लावला, कपाळाला नेला आणि वीणा गळ्यात घेतली. ती तिच्यासाठी मोठी होती; दांडा कानाच्या वर गेला. तारेवर बोट पडलं, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बसलं. बारीक, रडक्या आवाजात तिनं नाम उचललं. पडवीतले टाळकरी अर्धी मात्रा थबकले आणि तिच्या चालीवर आले.

आता रिवाज उरला होता. शिवांजली वाकली आणि तिनं आजोबांच्या पायांना हात लावला. नाथाजी उभेच राहिले. नववीचा वर्ग बघत होता, गावडे सर बघत होते, गजांतून आकाराम बघत होता. मग टेबलाचा आधार घेत, कष्टानं, एक-एक गुडघा मोडत ते खाली वाकले. पोरीच्या पायांवर खडूची भुकटी पडली होती. त्यांनी दोन्ही हात त्या पायांवर ठेवले, आणि ते उठायला बराच वेळ लागला. गावडे सर हात द्यायला पुढं झाले, तर तो हात त्यांनी झिडकारला.

खिशातून निघालं ते तांबडं पेन. त्यांनी ते बघितलं, परत खिशात ठेवलं आणि सरांचं निळं पेन घेतलं. अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग सही केली.

"दाखला लिवा," ते म्हणाले. "आणि त्याच्याखाली दुसरा कागद घ्या. गणिताचा सर पायजे म्हणून. ह्यो बी मी वाचूनच सही करणार. उद्या सकाळी तुमी आणि मी सांगलीला."

"उद्या काला हाय, तात्या. हंडी तुमच्या हातची असती."

"मला म्हाईत हाय उद्या काय हाय ते!" ते एवढ्या जोरात खेकसले की सरांचा हात पेनावरच थांबला. "एकोणीस पोरं हायत न्हवं अजून? का त्येंच्या बी दाखल्यांची वाट बघताय?"

परतताना वरातीचा क्रम बदलला होता. पुढं वीणा घेतलेली शिवांजली, तिच्यामागं टाळकरी, आणि सगळ्यांत शेवटी रिकाम्या हातांनी नाथाजी. उसाला पाणी पाजणाऱ्या बायका बांधावर आल्या आणि काही न विचारता हात जोडून उभ्या राहिल्या. नाथाजींनी कुणाकडं बघितलं नाही. त्यांची नजर फरशी पुलाच्या कडेच्या दगडांवर होती. सकाळी पाच दिसत होते. आता चार दिसत होते, पाणी चढत होतं.

उदयसिंह घरी गेला नव्हता. देवळाच्या शेवटच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसून तो तिथूनच नाम घेत होता. शिवांजली त्याच्यासमोर थांबली. तो गडबडीनं उठला, हात धोतराला पुसले आणि तिच्या खांद्यावरून नाथाजींकडं बघितलं.

नाथाजींनी मान फिरवली. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. चाळिशीचा उदयसिंह चौदा वर्षांच्या पोरीच्या पायाशी वाकला आणि पोरगी त्याच्या पायाशी.

नाथाजी त्या दोघांना वळसा घालून वर गेले आणि खांबापाशी थांबले. तांबडं पेन काढलं. टाळकऱ्यांची नजर टाळांवरून उठून त्यांच्या हातावर गेली. सकाळी अकरा नावांवर रेघा होत्या. ते बाजूला झाले तेव्हा बारा होत्या, आणि बारावी, त्यांच्या स्वतःच्या नावावरची, इतक्या जोरात ओढलेली की पेनाचं टोक लाकडात रुतलं होतं.

ते खाली आले आणि उदयसिंह उठला होता त्याच पायरीवर बसले. सकाळी सहानंतर पहिल्यांदाच बसले. शिवांजली शेजारी उभी होती. वीणेचा पट्टा रुतलेला खांदा चोळत.

"पवायला येतं का तुला?" त्यांनी तिच्याकडं न बघताच विचारलं.

"तुमी कवा पाण्यात जाऊ दिलंय?"



"उद्या मी सांगलीला हाय," नाथाजी धारेकडं बघत म्हणाले. आवाजातला राग अजून तसाच होता. "परवा सकाळी मळ्यातल्या हिरीवर यायचं. पाठीला बांधायचा डबा मी आणतो."